नैनीताल येथील मेथडिस्ट चर्च : उद्गम आणि उपासनाभाषा

कुमाऊँ प्रदेशातील नैनीताल या लहानशा गिरिनगरात, सरोवराच्या वरच्या अंगास असलेल्या मल्लीताल या भागात, मेथडिस्ट पंथाचे एक जुने चर्च उभे आहे. त्याची स्थापना १८५८ मधील. 'भारतातील पहिले मेथडिस्ट चर्च' असा त्याचा उल्लेख स्थलवर्णनपर पुस्तकांतून वारंवार आढळतो. हा उल्लेख सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारण्याजोगाही नाही. 'पहिले' हे विशेषण कोणत्या अर्थाने खरे आहे आणि कोणत्या अर्थाने नाही, याचा निवाडा प्रथम करावा लागतो. तो केला म्हणजे त्याहून महत्त्वाचा असा दुसरा प्रश्न पुढे येतो. डोंगरात जन्मलेल्या या मंडळीची उपासना कोणत्या भाषेत झाली, आणि ती डोंगराच्या भाषेत का झाली नाही? चर्चच्या उद्गमाची हकीकत आणि त्याच्या उपासनाभाषेची हकीकत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिलीत दुसरीचे कारण दडलेले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. नगराची घडण

कुमाऊँचा प्रदेश गुरख्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला तो १८१५ मध्ये. पुढील वर्षी सगौलीच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. अल्मोडा हे या प्रदेशाचे जुने राजनगर. त्याला चंद राजांची परंपरा होती, पंडितांची घराणी होती, बाजार होता. नैनीतालला यांपैकी काहीही नव्हते. तेथे सरोवर होते, देवीचे स्थान होते आणि गुरे चारणाऱ्यांचा राबता होता. नगर मात्र नव्हते. १८४१ मध्ये शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन या सरोवराशी पोहोचला. पुढे 'पिलग्रिम' या टोपणनावाने त्याने आपल्या हिमालयातील भटकंतीचे वर्णन १८४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर या जागेकडे युरोपीय रहिवाशांची दृष्टी वळली. अँग्लिकन पंथाचे 'सेंट जॉन इन द वाइल्डरनेस' हे चर्च १८४८ पासून उपासनेसाठी खुले झाले. म्हणजे मेथडिस्ट मिशन येथे येण्यापूर्वीच नगराला एक चर्च होते. ते राज्यकर्त्यांच्या पंथाचे चर्च होते.

नगराच्या या जन्मकथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. नैनीताल हे डोंगरातले गाव वाढून झालेले शहर नव्हे. सखल प्रदेशातून आलेल्यांनी सखल प्रदेशातील उन्हाळा टाळण्यासाठी वसविलेले ते ठिकाण होय. इंग्रज अधिकारी, त्यांचे कुटुंबीय, आजारातून उठलेले सैनिक, त्यांच्या पाठोपाठ आलेले खानसामे, भिस्ती, झाडूवाले, मुन्शी, मैदानी प्रदेशातील दुकानदार, आणि त्यांच्या जोडीला स्थानिक साह व्यापारी व आसपासच्या खेड्यांतून येणारे मजूर, अशी ही संमिश्र वस्ती होती. १८६२ पासून वायव्य प्रांताच्या सरकारचा उन्हाळी मुक्काम येथे होऊ लागला, तेव्हा हे स्वरूप अधिकच पक्के झाले. उन्हाळ्यात नगर भरे आणि हिवाळ्यात ओसरे.

भाषेत या घडणीची खूण उमटलेली दिसते. 'मल्ली' म्हणजे वरची आणि 'तल्ली' म्हणजे खालची. मल्लीताल व तल्लीताल ही सरोवराच्या दोन टोकांची नावे कुमाउनी आहेत. नगर परक्यांचे असले तरी भूमीची नावे डोंगराची राहिली. कुमाउनी माणूस मैदानी प्रदेशाला 'देस' म्हणतो आणि तिकडून आलेल्याला 'देसी'. मराठी वाचकाला यात एक मौज आढळेल. आपल्याकडे कोकणातून घाट चढून गेले की 'देश' लागतो. कुमाऊँत डोंगर उतरून खाली गेले की 'देस' लागतो. शब्द एकच, परंतु दिशा उलटी. दोन्हीकडे अर्थाचा गाभा मात्र सारखाच आहे : सपाटीवरचा, मोठा, बाहेरचा मुलूख. या 'देसा'तूनच मेथडिस्ट चर्च डोंगरात आले.

२. बरेलीहून नैनीतालकडे

अमेरिकेतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने भारतात मिशन स्थापण्यासाठी विल्यम बटलर यांची नेमणूक केली. बटलर यांचा जन्म १८१८ मध्ये डब्लिन येथे झाला. वेस्लियन परंपरेत त्यांचे शिक्षण झाले आणि १८५० मध्ये ते अमेरिकेस गेले. १८५६ च्या सप्टेंबरमध्ये ते पत्नी क्लेमेंटिना यांच्यासह कलकत्त्यास उतरले. आधीपासून काम करणाऱ्या मिशनांच्या क्षेत्रावर आक्रमण करावयाचे नाही, असा त्या काळचा सर्वसाधारण संकेत होता. त्यानुसार पाहणी करून बटलर यांनी अवध व रोहिलखंड हा प्रदेश निवडला. अवध त्याच वर्षी कंपनीच्या राज्यात विलीन करण्यात आला होता. लखनौत राहण्यास घर मिळेना, म्हणून १८५६ च्या अखेरीस त्यांनी बरेलीत मुक्काम केला. अलाहाबादच्या प्रेस्बिटेरियन मिशनने जोएल जॅनव्हियर या तरुण भारतीय उपदेशकाला त्यांच्या मदतीस दिले. बटलर यांना हिंदुस्तानी अद्याप येत नव्हती. अर्थात, या मिशनचा भारतीयांशी झालेला पहिला संवाद जोएल यांच्या तोंडून झाला, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

बरेलीतील कामाला जेमतेम काही महिने झाले असतील, तोच मीरतचा उठाव झाला. परिस्थितीचा रंग पाहून लष्करी अधिकाऱ्यांनी स्त्रिया व मुले यांना डोंगरात पाठविण्याचा सल्ला दिला. बटलर कुटुंब मे महिन्याच्या मध्यास नैनीतालकडे निघाले. ३१ मे १८५७ रोजी, रविवारी, बरेलीत उठाव झाला आणि खान बहादुर खान यांची सत्ता तेथे स्थापन झाली. बटलर यांचे घर व ग्रंथसंग्रह यांची राख झाली. मंडळीतील मारिया बोल्स्ट ही स्त्री मारली गेली. जोएल व त्यांची पत्नी जीव वाचवून बाहेर पडले आणि पुष्कळ हालअपेष्टा सोसून सुरक्षित स्थळी पोहोचले.

या प्रवासाची हकीकत बटलर यांनी आपल्या 'द लँड ऑफ द वेद' या १८७१ च्या ग्रंथात सविस्तर दिली आहे. तराईच्या जंगलात मध्यरात्री डोलीवाहकांनी पुढे जाण्याचे नाकारले, बटलर यांनी बाजूस जाऊन प्रार्थना केली आणि परत येऊन पाहतात तो वाहक डोली उचलून निघालेले, असा प्रसंग त्यात आहे. मेथडिस्ट साहित्यात तो पुढे अनेकदा सांगितला गेला. इतिहासाच्या अभ्यासकाने या वृत्तांताचा उपयोग करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, हे लेखन घटनेनंतर चौदा वर्षांनी आणि मुख्यतः मिशनला द्रव्यसाहाय्य करणाऱ्या अमेरिकन वाचकांसाठी झालेले आहे. दोन, वाहकांचे मन का बदलले याचे वाहकांनी दिलेले उत्तर त्यात नाही. भयाण जंगल, उठावाच्या बातम्या आणि परक्या साहेबांची संगत यांमुळे त्या वाहकांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना वाचकानेच करावयाची आहे. याच ग्रंथात जोएल यांच्या पलायनाची त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकतही समाविष्ट आहे. एका भारतीय ख्रिस्ती उपदेशकाच्या दृष्टीने १८५७ कसे दिसले, हे तीत पाहावयास मिळते. म्हणून बटलर यांच्या कथनापेक्षा तिचे मोल वेगळे व काही अंशी अधिक आहे.

३. मेंढवाड्यापासून चर्चपर्यंत

हेन्री रॅम्झे हे १८५६ पासून १८८४ पर्यंत कुमाऊँचे कमिशनर होते. इतका दीर्घ काळ एकाच प्रदेशात राहिल्यामुळे त्यांना 'कुमाऊँचा राजा' म्हणत असत. १८५७ मध्ये मैदानातून पळून आलेल्या युरोपीयांचे नैनीताल हे आश्रयस्थान झाले. पायथ्याशी हल्द्वानीपर्यंत चकमकी झाल्या, परंतु डोंगर रॅम्झे यांच्या हातून सुटला नाही. या आश्रितांच्या गर्दीत बटलर होते. त्यांच्या आराखड्यात नैनीतालला स्थान नव्हते. आराखडा बरेली आणि लखनौ यांचा होता. संकटाने जे ठिकाण पदरात टाकले, तेथेच काम सुरू करणे भाग पडले.

नगरात मिळालेले पहिले उपासनास्थान म्हणजे मेंढ्या बांधण्याची एक जुनी वास्तू. ती साफसूफ करून तेथे उपासना सुरू झाली. ख्रिस्ती परंपरेत मेंढरे व मेंढपाळ यांच्या रूपकाला जे स्थान आहे, ते पाहता ही जागा पुढील लेखकांना विशेष प्रिय वाटावी यात नवल नाही. परंतु रूपकाखेरीज तिला एक व्यावहारिक अर्थही होता. तो असा की, राज्यकर्त्यांच्या पंथाचे चर्च दशकापूर्वीच उभे असताना या नवागत मिशनला नगरात दुसरी जागा नव्हती.

१८५८ मध्ये परिस्थिती पालटली. राल्फ पिअर्स व जेम्स हम्फ्री हे दोन मिशनरी अमेरिकेहून येऊन बटलर यांस मिळाले. सॅम्युएल नोल्स हे मदतनीस म्हणून कामास लागले. जोएलही परत आले. रॅम्झे यांची सहानुभूती व आर्थिक साहाय्य होतेच. त्याच वर्षी कायमच्या चर्चचा आरंभ झाला. बरेली ब्रिटिशांच्या हाती परत आली होती, लखनौही घेतले गेले होते. म्हणजे मिशनला आता आपल्या मूळ क्षेत्रात जाण्याची वाट मोकळी होती. तरीही पहिली पक्की वास्तू डोंगरात झाली. आश्रयाचे ठिकाण आता मुक्कामाचे ठिकाण झाले होते.

१८५९ मध्ये जेम्स मिल्स थोबर्न हे तेवीस वर्षांचे मिशनरी भारतात आले आणि त्यांची नेमणूक नैनीतालला झाली. पुढे कलकत्ता, रंगून व सिंगापूर येथपर्यंत मेथडिस्ट कार्याचा विस्तार करणारे, १८८८ मध्ये मिशनरी बिशप झालेले थोबर्न यांनी हिंदुस्तानीचे पहिले धडे या सरोवराकाठी गिरविले. १८६१ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. या सुरुवातीच्या वर्षांची हकीकत त्यांनी १८८४ च्या आपल्या आत्मकथनपर ग्रंथात दिली आहे. त्या ग्रंथाच्या नावातच 'उमेदवारी' असा शब्द आहे. नैनीताल ही खरोखरच मिशनरींची उमेदवारीची शाळा होती. भाषा शिकावी, प्रकृती सावरावी आणि मग मैदानात उतरावे, असा तिचा उपयोग झाला.

४. 'पहिले' कोणत्या अर्थाने

आता मूळ विशेषणाकडे वळता येईल. मेथडिस्ट हे नाव ऑक्सफर्डमधील जॉन वेस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांना थट्टेने मिळालेले. नियमित, पद्धतशीर आचरण हा त्या थट्टेचा विषय होता. वेस्ली यांच्या हयातीतच, १७८४ मध्ये, अमेरिकेतील त्यांच्या अनुयायांनी बाल्टिमोर येथे स्वतंत्र मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन केले. इंग्लंडमधील वेस्लियन शाखा वेगळी राहिली. या दोन शाखा एकाच खोडाच्या असल्या, तरी भारतात त्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या मार्गांनी आल्या.

इंग्लंडमधील वेस्लियन मिशनरींची पहिली तुकडी थॉमस कोक यांच्या नेतृत्वाखाली पूर्वेकडे निघाली. कोक यांचा ३ मे १८१४ रोजी समुद्रातच मृत्यू झाला आणि उरलेली मंडळी त्याच महिन्यात मुंबईस उतरली. म्हणजे मेथडिस्ट मिशनरींचे पहिले पाऊल या देशात पडले ते मुंबईच्या किनाऱ्यावर, नैनीतालच्या मेंढवाड्याच्या चार दशके अगोदर. त्यांचे नियोजित क्षेत्र सिंहलद्वीप असल्याने ते पुढे गेले. तेथून जेम्स लिंच १८१७ मध्ये मद्रासला आले आणि दक्षिणेत वेस्लियन मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. तेव्हा 'भारतातील पहिले मेथडिस्ट चर्च' हे बिरुद नैनीतालला निरपवाद लागू पडत नाही. 'अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनने भारतात उभारलेले पहिले चर्च' एवढेच म्हणणे शास्त्रशुद्ध होईल.

हा केवळ सनावळीचा वाद आहे असे समजू नये. शाखेचे नाव गाळले की कालक्रम बिघडतो, आणि कालक्रम बिघडला की कारणपरंपराही बिघडते. मद्रासची मंडळी योजनेतून जन्मली. नैनीतालची मंडळी पलायनातून जन्मली. दोन्हींचे पुढील आयुष्य या जन्मामुळे वेगळे झाले. 'पहिले' या शब्दाच्या तेजात हा भेद दिसेनासा होतो.

५. उपासनेची भाषा

नैनीतालच्या मंडळीला आरंभापासून दोन भाषा होत्या. एक इंग्रजी आणि दुसरी हिंदुस्तानी. इंग्रजी उपासना युरोपीय व अँग्लो-इंडियन रहिवाशांसाठी होती. नगराच्या ऋतुमानाबरोबर तिची उपस्थिती वाढे आणि घटे. हिंदुस्तानी उपासना शिक्षक, उपदेशक, नोकरचाकर आणि बाजारातील श्रोते यांच्यासाठी होती. ही मंडळी बहुतांशी 'देसा'तून आलेली होती. तिसरी भाषा, म्हणजे भोवतालच्या प्रत्येक खेड्यात बोलली जाणारी कुमाउनी, व्यासपीठावर स्थिरावली नाही.

कुमाउनीत ख्रिस्ती वाङ्मय नव्हतेच, असे मात्र नाही. श्रीरामपूरच्या मिशनने नव्या कराराचा कुमाउनी अनुवाद, अपुरा का होईना, १८२५–२६ च्या सुमारास छापला होता. गढवाली अनुवाद १८२७ मध्ये निघाला. नैनीतालचे नगर वसण्याच्या पंधरा वर्षे आधी डोंगरी भाषा मुद्रणात आली होती. परंतु हे अनुवाद दूर बंगालमध्ये, पंडितांच्या साहाय्याने तयार झालेले. ते वाचणारी मंडळी प्रत्यक्ष डोंगरात त्या वेळी नव्हती. मंडळी झाली तेव्हा तिने हे अनुवाद उचलले नाहीत.

याची कारणे तीन. पहिले, मिशनचे मुख्य क्षेत्र रोहिलखंड व अवध हेच राहिले. मिशनरीची नेमणूक आज नैनीतालला, उद्या मुरादाबादला, परवा लखनौला. सर्वत्र चालेल अशी एक भाषा त्याला हवी होती आणि ती हिंदुस्तानी होती. दुसरे, या भाषेत तयार साहित्य होते. हेन्री मार्टिन यांचा नव्या कराराचा उर्दू अनुवाद १८१४ मध्येच निघाला होता. मिशनने १८६१ मध्ये बरेलीत स्वतःचा छापखाना काढला आणि १८६६ मध्ये तो लखनौला नेला. या छापखान्याला चालना मिळाली ती उर्दू, रोमन उर्दू आणि हिंदी यांतील वाचकांमुळे. तिसरे कारण नगराच्या घडणीत आहे. ज्या वस्तीत मंडळी जन्मली, तेथे कुमाउनी ही मजुरांची व खेडुतांची भाषा होती. प्रतिष्ठेच्या व्यवहाराची नव्हती. खुद्द सरकारी कारभारातही कुमाऊँत देवनागरीतील हिंदी चाले. मैदानी जिल्ह्यांतील कचेऱ्यांत नागरीला वाव देणारा ठराव १९०० मध्ये झाला. कुमाऊँत ती त्याआधीच रूढ होती. तात्पर्य, डोंगरातील माणसाला मैदानाची भाषा ही लेखनाची व अधिकाराची भाषा म्हणून आधीच परिचित होती. चर्चने तोच प्रघात पुढे चालविला.

हे अंतर किती होते, याची थोडीशी कल्पना व्याकरणावरून येते. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडाच्या चौथ्या भागात (१९१६) कुमाउनी व गढवाली यांना 'मध्य पहाडी' या गटात घातले आणि राजस्थानीशी त्यांचे नाते दाखविले. हिंदीत जेथे 'है' येते तेथे कुमाउनीत 'छ' येते. या बाबतीत ती नेपाळी व गुजराती यांच्या रांगेत बसते. घरगुती शब्दांत अंतर याहून अधिक जाणवते. आईला 'इजा' आणि वडिलांना 'बाज्यू' म्हणणाऱ्या माणसाला चर्चमध्ये देवपित्यासाठी 'बाप' हा शब्द कानी पडे. शब्द समजत नसे असे नाही. परंतु तो घरचा नव्हता.

चर्चच्या शब्दसंग्रहाचा विचार केला असता हा परकेपणा आणखी स्पष्ट होतो. मराठी ख्रिस्ती माणूस 'प्रभू', 'तारण', 'उपासना' आणि 'मंडळी' म्हणतो. उत्तरेतील हिंदुस्तानी उपासनेत त्यांच्या जागी 'खुदावंद', 'नजात', 'इबादत' आणि 'कलीसिया' हे शब्द रूढ झाले. 'कलीसिया' हा शब्द ग्रीक 'एक्लेसिया'पासून पश्चिम आशियातील भाषांच्या वाटेने आला. वास्तूसाठी वापरला जाणारा 'गिरजा' हा शब्दही त्याच ग्रीक मुळाचा, पण तो पोर्तुगीज 'इग्रेजा'मार्गे समुद्राने आला. गोव्यात व कोकणात आद्यस्वर टिकून 'इगर्ज' असे रूप झाले. उत्तरेत तो स्वर गळाला. एकाच शब्दाने खुष्कीच्या व दर्याच्या अशा दोन वाटांनी येऊन हिमालयातील एका चर्चमध्ये भेटावे, हा भाषेतिहासातील एक लक्षणीय योग होय. त्यात आणखी एक योगायोग असा की, नैनादेवीच्या या नगरात 'गिरजाघर' हा शब्द ऐकणाऱ्यास पर्वतकन्या गिरिजेची आठवण व्हावी. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोहोंचा काहीएक संबंध नाही; आणि तरीही परका शब्द कानाला परका वाटू नये, यास असे ध्वनिसाम्य कधी कधी कारणीभूत होते.

गीतांच्या बाबतीत मात्र मंडळीने अधिक मोकळेपणा दाखविला. इंग्रजी चालींवर बसविलेल्या अनुवादित गीतांबरोबर गजल व भजन यांचे घाट उत्तर भारतातील मेथडिस्ट उपासनेत आले. पण तीही मैदानाची गजल आणि मैदानाचे भजन. पंडित गंगादत्त उप्रेती यांचा कुमाऊँ व गढवाल येथील म्हणी व लोककथा यांचा संग्रह १८९४ मध्ये लुधियानाच्या मिशन छापखान्यात छापला गेला. डोंगराची वाणी मिशनच्या छापखान्यापर्यंत पोहोचली. व्यासपीठावर मात्र तिला जागा मिळाली नाही.

महाराष्ट्राशी तुलना केली म्हणजे या गोष्टीचे महत्त्व ध्यानात येईल. अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये मुंबईत मराठी नवा करार छापला. सत्तर वर्षांच्या आत नारायण वामन टिळक यांच्यासारखा कवी त्या परंपरेत आला, आणि ख्रिस्ती उपासना मराठी संतांच्या अभंगाच्या वळणाने बोलू लागली. तेथे मिशनची भाषा आणि खेड्याची भाषा एक होती. कुमाऊँत गुमानी पंतांसारखा (१७९०–१८४६) कवी होऊन गेला होता. भाषा दरिद्री नव्हती. परंतु चर्च आणि ती भाषा यांची गाठ पडली नाही.

६. शाळांचा वारसा

नैनीतालच्या मिशनचा खोल ठसा उमटला तो शिक्षणात. हम्फ्री हे डॉक्टर होते. त्यांनी १८६९ मध्ये येथे स्त्रियांसाठी वैद्यकाचा वर्ग चालविला. क्लारा स्वेन ही मिशनची पहिली स्त्री-डॉक्टर बरेलीस पोहोचली ती १८७० च्या आरंभी. म्हणजे भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात या लहान नगराला एक मानाची जागा आहे. बिरुदांचीच हौस असेल, तर 'पहिले चर्च' या वादग्रस्त बिरुदापेक्षा हा वर्ग अधिक स्मरणीय ठरावा.

मुलांसाठी मिशनची शाळा निघाली. ती पुढे हम्फ्री यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुलींसाठी वेलस्ली गर्ल्स स्कूल होते. मसुरीस निघालेले फिलँडर स्मिथ विद्यालय १९०५ मध्ये नैनीतालच्या ओक ओपनिंग्ज शाळेशी जोडले गेले. नगराच्या भिन्न थरांसाठी भिन्न शाळा, अशी ही व्यवस्था होती. चर्चमधील दोन भाषांची दोन वर्तुळे शाळांतही उमटली.

या संस्थांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. फिलँडर स्मिथच्या जागेवर १९४७ मध्ये बिर्ला विद्यामंदिर आले. वेलस्लीच्या जागी १९५१ मध्ये ठाकूर दानसिंह बिष्ट यांच्या देणगीतून त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ देवसिंह बिष्ट महाविद्यालय उभे राहिले, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या कुमाऊँ विद्यापीठाचे ते केंद्र झाले. हम्फ्री यांची शाळा चेतराम साह ठुलघरिया यांच्या नावाने चालू लागली. 'ठुल' म्हणजे मोठा, संस्कृत 'स्थूल' या शब्दापासून आलेला. 'ठुलघरिया' म्हणजे मोठ्या घरचा. ज्या कुमाउनीला व्यासपीठावर जागा मिळाली नाही, ती शाळेच्या दारावरील नावात येऊन बसली.

७. पुढील काळ

१८८० च्या १८ सप्टेंबरला नैनीतालमध्ये प्रचंड दरड कोसळून १५१ माणसे मृत्युमुखी पडली आणि देवीचे मंदिरही गाडले गेले. मंदिर पुन्हा बांधण्यात आले आणि नगर सावरले. परंतु सखल प्रदेशाच्या सोयीसाठी डोंगरावर घातलेला भार डोंगर किती पेलणार, हा प्रश्न त्या दिवसापासून नगराच्या मागे लागला.

मेथडिस्ट कार्य या काळात दूरवर पसरत होते. थोबर्न यांच्या निमंत्रणावरून विल्यम टेलर हे प्रचारक १८७० मध्ये भारतात आले. १८७१–७२ मध्ये त्यांनी मुंबईत मेथडिस्ट मंडळी स्थापन केली. १८४८ पासून मुंबईत साधेपणाने राहणारे आणि 'बॉम्बे गार्डियन' पत्राचे संपादक म्हणून ख्यात असलेले जॉर्ज बोवेन तिला येऊन मिळाले. कुलाब्याजवळील बोवेन मेमोरियल चर्च हे त्यांचेच स्मारक. मुंबईच्या या मंडळीचा नैनीतालच्या सरोवरकाठाशी असलेला संबंध थोबर्न यांच्या द्वारे जोडला जातो. हिंदुस्तानी शिकणाऱ्या त्या तरुणानेच पुढे टेलर यांस भारतात बोलावले.

१९४७ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर त्यांच्या उपासनेचाही आधार गेला. हिंदुस्तानीची जागा हळूहळू संस्कृतप्रचुर हिंदीने घेतली. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट चर्चे एकत्र आली, तेव्हा ब्रिटिश परंपरेची मेथडिस्ट शाखा त्या ऐक्यात सामील झाली. अमेरिकन परंपरेची शाखा ऐनवेळी बाहेर राहिली आणि १९८१ मध्ये 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या नावाने स्वायत्त झाली. 'पहिले' या विशेषणाचा विचार करताना ज्या दोन शाखांतील भेद दाखविला, तो दीडशे वर्षांनंतरही किती जिवंत होता, याचे हे प्रमाण होय.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. नैनीतालचे चर्च हे भारतातील पहिले मेथडिस्ट चर्च नव्हे. अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे भारतातील पहिले चर्च होय. ते डोंगरासाठी योजलेले नव्हते. मैदानातून डोंगराच्या आश्रयास आलेल्यांचे ते होते. म्हणूनच त्याची नजर सतत खाली, बरेली व लखनौकडे राहिली, आणि त्याची भाषाही तिकडचीच राहिली. यात कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बटलर, हम्फ्री, थोबर्न यांची निष्ठा निर्विवाद आहे आणि जोएल यांचे धैर्य त्यांच्याहून तिळभरही उणे नाही. परंतु संस्थेचा जन्म ज्या वस्तीत होतो, त्या वस्तीची भाषा ती उचलते. आणि एकदा उचललेली भाषा पुढच्या पिढ्यांचा परीघ ठरविते.

कुमाउनी आज स्वतःच संकटात आहे. युनेस्कोच्या सूचीत असुरक्षित भाषा म्हणून तिची नोंद झाली. शाळा, कचेरी, बाजार आणि उपासनास्थाने या सर्वांनी मिळून मैदानाची भाषा डोंगरात नेली. चर्च हे त्यांपैकी केवळ एक. तेव्हा दोष एका संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मात्र एखाद्या भाषेचा ऱ्हास कसा घडतो, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाने मोठ्या राजाज्ञांकडेच पाहू नये. साफसूफ केलेल्या एका मेंढवाड्यात, संकटातून वाचलेल्या मूठभर माणसांनी, आपल्याला ज्या भाषेत बोलता येते त्या भाषेत केलेली प्रार्थना, हीही त्या इतिहासातील एक घटना असते. तिच्यात कोणताही द्वेष नव्हता. केवळ, बाहेर ज्या भाषेत बोलणे चालले होते, ती आत कोणाला येत नव्हती.